पाठ १४ : तंजावरचे पान

१४.१ प्रस्तावना

परगावी जायचे ठरले की आपण प्रथम दोन प्रश्न विचारतो : तेथे पाहण्यासारखे काय आहे आणि तेथे खायला काय मिळते? हे दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु एखाद्या गावी गेल्यावर कधी कधी अशी गोष्ट हाती येते, की जिच्याविषयी आपण विचारलेलेच नसते. प्रस्तुत पाठ हे एक प्रवासवर्णन आहे. तमिळनाडूतील तंजावर या शहराची दोन दिवसांची सहल त्यात वर्णिली आहे. तंजावरवर सुमारे एकशे ऐंशी वर्षे मराठी राजघराण्याचे राज्य होते. त्या काळाच्या खुणा तेथील भिंतींवर, ग्रंथांत, गाण्यांत आणि जेवणाच्या पानातही आढळतात. तुमच्यापैकी अनेकजण महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकत आहेत; त्यांना या पाठातील आजींची गोष्ट विशेष जवळची वाटेल.

१४.२ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :

• प्रवासवर्णनात स्थळांची माहिती आणि लेखकाचा अनुभव कसे एकत्र येतात, हे सांगता येईल.
• तंजावर शहराचा इतिहास, कला आणि खाद्यसंस्कृती यांची माहिती देता येईल.
• दंतकथा आणि पुराव्यावर आधारलेली माहिती यांतील फरक ओळखता येईल.
• क्रियापदाचे अर्थ (स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ) ओळखून वाक्यांत योजता येतील.
• स्वतः केलेल्या एखाद्या प्रवासाचे वर्णन लिहिता येईल.

१४.३ मूळ पाठ

(१) पहाटेचे देऊळ

तंजावरला उतरलो तेव्हा अजून उजाडायचे होते. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर पितळी पेला आणि खोलगट वाटी अशा जोडीत कॉफी मिळाली. पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पुन्हा पेल्यात अशी ओतत ओतत ती निववायची. या भागात तिला 'डिग्री कॉफी' म्हणतात. कुंभकोणमची डिग्री कॉफी तर साऱ्या तमिळ मुलखात नावाजलेली आहे. दुधाचा कस मोजण्याच्या यंत्रावरून हे नाव पडले असे कोणी सांगतात, कोणी आणखी काही सांगतात. टपरीवाल्याला विचारले, तर त्याने हसून दुसरा पेला पुढे केला.

"मोठे देऊळ पाहायचे तर पहाटे जा," असे आम्हांला आधीच बजावण्यात आले होते. कारण साधे होते. देवळाचे विस्तीर्ण पटांगण दगडी फरसबंदीचे असून तेथे अनवाणी चालावे लागते, आणि दुपारी तो दगड तव्यासारखा तापतो. शिवाय गाभारा दुपारी काही तास बंद असतो.

बृहदीश्वराचे हे मंदिर चोळ सम्राट पहिला राजराज याने बांधविले व ते इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. गाभाऱ्यावरील विमान, म्हणजे शिखरयुक्त मनोरा, सुमारे दोनशे फूट उंच आहे. संपूर्ण बांधकाम ग्रॅनाइटचे. कावेरीच्या खोऱ्यातील जमीन गाळाची; नांगर घातला तर दगड लागायचा नाही अशी. तेव्हा इतका खडक दुरून आणून रचला गेला, ही गोष्ट मनोऱ्याच्या पायथ्याशी उभे राहिल्यावर खऱ्या अर्थाने कळते. समोरच्या मंडपातील नंदी एकाच पाषाणात कोरलेला आहे. मात्र तो चोळांच्या नव्हे, तर त्यांच्यानंतर आलेल्या नायक राजांच्या काळातला आहे. विमानाच्या वरच्या मजल्यावर नृत्यातील करणांची ८१ शिल्पे आहेत. करणे एकंदर १०८ असतात; उरलेल्यांच्या जागा कोऱ्याच राहिल्या आहेत. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायककालीन चित्रांच्या थराखाली दडलेली चोळकालीन भित्तिचित्रे १९३१ साली उजेडात आली. १९८७ मध्ये युनेस्कोने या मंदिराचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला.

एक वाटाड्या आपल्या गटाला सांगत होता, "या शिखराची सावली जमिनीवर कधीच पडत नाही!" सगळ्यांनी माना वर केल्या. नेमक्या त्याच वेळी सूर्य गोपुराच्या वर आला आणि विमानाची लांबच लांब सावली पश्चिमेकडच्या फरशीवर पसरली. गटातील एक लहान मुलगा त्या सावलीत जाऊन उभा राहिला. वाटाड्या क्षणभर थांबला आणि पुढच्या मूर्तीकडे वळला. सावली पडते. मंदिर त्यामुळे तसूभरही लहान होत नाही.

(२) भिंत

पटांगणाच्या नैर्ऋत्येकडील ओवरीत भिंतीवर अक्षरे दिसू लागली. आतापर्यंत पाहिलेले सर्व लेख तमिळ होते. एकही अक्षर ओळखीचे नव्हते. येथे मात्र देवनागरी होती, आणि भाषा मराठी! एकामागून एक शिळा अक्षरांनी भरलेल्या. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांच्या आज्ञेवरून बाबुराय चिटणीस यांनी रचलेला भोसले कुळाचा हा इतिहास १८०३ साली येथे कोरण्यात आला. मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याची ख्याती आहे.

येथपर्यंत मराठी कशी पोहोचली, हे थोडक्यात सांगायला हवे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर ताब्यात घेऊन तेथे राज्य स्थापिले. त्यांचे पुत्र शहाजी (१६८४ ते १७१२) स्वतः नाटककार होते. त्यांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठीतील आरंभीच्या नाटकांपैकी एक मानले जाते. दुसऱ्या सरफोजींनी १७९९च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. त्यांच्या हाती किल्ला आणि तनखा एवढेच उरले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी पुत्राविना निवर्तले आणि कंपनीने गादी खालसा केली. म्हणजे भिंतीवर हा इतिहास कोरला गेला, तेव्हा ते राज्य नावापुरतेच राहिले होते. सत्ता जाते आहे हे दिसत असताना सरफोजींनी दगडावर अक्षरे कोरविली.

मी बोट न लावता, ओळीवरून नुसती नजर फिरवीत हळूहळू वाचू लागले. जुन्या वळणाची अक्षरे. शब्द तोडून लिहिलेले नाहीत. म्हणून मोठ्याने वाचल्याशिवाय अर्थ लागेना. दोन-तीन ओळी झाल्या असतील, तोच मागून आवाज आला,

"मराठीच नव्हे हे?"

वळून पाहिले. सत्तरीच्या घरातील एक बाई, तमिळ पद्धतीची नऊवारी, हातात फुलांची परडी, शेजारी तेरा-चौदा वर्षांची नात. बोलण्यात तमिळ हेल होता, पण शब्द निःसंशय मराठी होते.

"मराठीच आहे, आजी. तुम्ही वाचलेत ना हे?"

"मला बोलायला येते. वाचायला येत नाही. आमच्या घरात सगळे मराठी बोलायचे; शाळा मात्र तमिळ. लहानपणापासून या भिंतीपाशी येते मी. ही आमची अक्षरे आहेत, एवढे ठाऊक होते. काय लिहिले आहे, ते नाही." मग त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "वाचा तुम्ही. घाई नाही आम्हांला."

मी वाचीत राहिले. मध्येच एखाद्या नावाशी त्या मान हलवीत. नात अक्षरांकडे नव्हे, तर आजीच्या तोंडाकडे पाहत होती. आमचे वाचन एका शिळेच्या पुढे गेले नाही, कारण ऊन चढू लागले होते. उठताना आजी म्हणाल्या, "आता दुपारी आमच्याकडे जेवायला या. तुम्हांला एक वस्तू दाखवायची आहे."

(३) केळीचे पान

जेवण केळीच्या पानावर वाढले. पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे येईल, असे ते मांडायचे. पानावर पाणी शिंपडून ते पुसून घेतले, की वरच्या अर्ध्या भागात भाज्या, कोशिंबिरी, लोणचे आणि खालच्या अर्ध्या भागात भात. पहिल्यांदा वरण-तूप, मग सांबार, मग रसम्, शेवटी दहीभात असा भाताचा क्रम. जेवण झाल्यावर पान वरून आपल्याकडे मिटायचे. जेवण आवडले, पुन्हा येऊ, असा त्याचा अर्थ.

पदार्थांची नावे ऐकताना कान टवकारले. वांग्याच्या आंबटसर, डाळ घातलेल्या पदार्थाला तेथे 'रसवांगी' म्हणतात. रस आणि वांगी! हे नाव मराठीतूनच आले असावे. 'पिट्लै' हा दुसरा पदार्थ. नाव थेट आपल्या पिठल्याशी जुळते. पदार्थ मात्र अगदी वेगळा, चिंच, खोबरे आणि तुरीची डाळ घालून केलेला. त्यात पीठ नाहीच. नाव प्रवासात टिकले, पदार्थ बदलला. 'डांगर पच्चडी'त मात्र नाव आणि पदार्थ दोन्ही ओळखीचे निघाले. उडीद भाजून दळलेले पीठ दह्यात कालवायचे, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. घास घेताच माझ्या आईच्या हातचे डांगर आठवले.

सांबाराची गोष्ट तर सर्वांनाच ठाऊक असते. छत्रपती संभाजी महाराज एकदा तंजावरला पाहुणे म्हणून आले. मुदपाकखान्यात आमटीसाठी आमसूल नव्हते, म्हणून चिंच घातली. पाहुण्यांच्या नावावरून त्या आमटीला 'सांबार' म्हणू लागले, म्हणे! गोष्ट गोड आहे. संभाजी महाराज आणि तंजावरचे शहाजीराजे काही वर्षे समकालीन होते, हेही खरे. परंतु या भेटीचा आणि त्या आमटीचा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. उलट, 'संभार' हा संस्कृत शब्द 'सामग्री, साहित्य' या अर्थाने फार जुना आहे. सांबाराचे नाव त्या शब्दाशी जोडणारेही अभ्यासक आहेत. आजींना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "गोष्ट खोटी असेल. सांबार खरे आहे. वाढू का आणखी?"

जेवणानंतर त्यांनी कपाटातून कापडात गुंडाळलेली एक वही काढली. कडा कुरतडलेल्या, कागद पिवळा पडलेला. ती त्यांच्या सासूबाईंची वही होती. सासूबाई गेल्याला चाळीस वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांत ती वही दर दसऱ्याला पूजेत ठेवली जाई आणि पुन्हा कपाटात जाई. घरातील कोणालाच ती वाचता येत नव्हती.

"स्तोत्रे असतील," आजी म्हणाल्या. "पूजेत ठेवतो ना आम्ही."

वही उघडली. अक्षर वळणदार, देवनागरी. पहिल्या पानावर गणपतीचे नाव होते आणि त्याखाली लिहिले होते डांगराचे प्रमाण. पुढच्या पानावर लोणचे. त्याच्या पुढच्या पानावर बाळंतिणीसाठी करायचे लाडू. कडेला बारीक अक्षरांत : 'धाकटीस तिखट सोसत नाही, मिरची कमी.'

मी ती ओळ वाचली आणि आजी एकदम गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "धाकटी म्हणजे मी. धाकटी सून."

चाळीस वर्षे पूजेत ठेवलेल्या वहीत आपले नाव आहे, हे त्यांना आज कळले होते. लिपी आली असती, तर ही वही त्यांना केव्हाच वाचता आली असती. मी पाने उलटीत वाचीत गेले. नात एका कागदावर तमिळ लिपीत उतरून घेऊ लागली. शेवटच्या चार पानांवर मात्र अक्षर बदलले. ओळीवर सलग धावणारी, एकमेकींत गुंतलेली ती अक्षरे मोडी लिपीतील होती. मराठीची पदवी घेतलेली मी, तेथे माझेही वाचन थांबले.

"तुम्हांलाही येत नाही?" नातीने विचारले.

"नाही. तीही शिकायला हवी."

(४) ताडपत्र आणि कागद

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यात गेलो. हा वाडा मूळ नायकांचा, पुढे मराठ्यांनी वाढविलेला. येथील कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. तिरुवेंगाडू येथे सापडलेली वृषभवाहन शिवाची मूर्ती (इ. स. १०११) आवर्जून पाहावी. शिव नंदीवर टेकून उभा आहे, हात सैल सोडलेला; आणि ज्यावर तो टेकला आहे तो नंदी मात्र आज तेथे नाही. तरी तोल जाणवतो.

वाड्याच्या आवारातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या ग्रंथसंग्रहातून ते उभे राहिले आणि दुसऱ्या सरफोजींनी त्याला वैभव प्राप्त करून दिले. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाकडून शिक्षण घेतलेला हा राजा अनेक भाषा जाणत होता. १८२० साली तो काशीयात्रेस निघाला, तेव्हा परतताना ग्रंथांच्या प्रती बरोबर घेऊन आला. त्याच्या धन्वंतरी महालातील वैद्यांनी नेत्ररोग्यांवर केलेल्या उपचारांच्या चित्रांसह नोंदी येथे जपल्या आहेत. त्याने छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथून 'बालबोध मुक्तावली' हे इसापच्या नीतिकथांचे सखण्णा पंडितकृत मराठी रूपांतर छापले गेले. त्याच्या 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नृत्यनाट्यात भविष्य सांगणारी भटकी स्त्री चक्क जगाचा भूगोल सांगते! त्याच्या मुदपाकखान्यातील पाककृतीसुद्धा मराठीत लिहून ठेवलेल्या आहेत. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. तमिळ, तेलुगू आणि संस्कृत हस्तलिखितांबरोबर येथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, आणि मोडी कागदपत्रांचे शेकडो रुमाल.

काचेखालील ताडपत्रे पाहताना कालची वही आठवत होती. राजाच्या पाककृती ग्रंथालयात पोहोचल्या. सासूबाईंच्या पाककृती कपाटात राहिल्या. पण दोन्हींना वाचणारे कोणीतरी लागतेच.

दुपारी तिरुवैयारूला गेलो. तंजावरपासून हे गाव सुमारे तेरा किलोमीटर. 'पाच पवित्र नद्यांचे स्थान' असा त्याच्या नावाचा अर्थ. कावेरीच्या काठी येथे संत त्यागराजांची (१७६७ ते १८४७) समाधी आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक येथे जमून त्यांच्या कृती एकत्र गातात. ही समाधी बांधून घेतली बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने, आणि त्या आराधनेत स्त्रियांना गाता यावे म्हणून झगडाही दिला. त्यागराजांची रचना तेलुगू भाषेत. राजा मराठी, प्रजा तमिळ, गाणे तेलुगू आणि शास्त्र संस्कृत, असा तो काळ होता. ही देवघेव एकतर्फीही नव्हती. मराठी कीर्तनाच्या वळणावर तमिळ मुलखातील हरिकथा घडली. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद तिने आपलेसे केले. आजही कर्नाटक संगीताच्या मैफलीच्या अखेरीस अभंग ऐकू येतो.

तिरुवैयारूचा 'अशोका' हा हलवाही चाखला. मुगाची डाळ, साखर आणि सढळ तूप. द्रोणातला गरम हलवा बोटांना चिकटत होता. नदीच्या पायऱ्यांवर बसून खाल्ला.

संध्याकाळी निरोप घ्यायला आजींकडे गेलो. नातीने एक कागद पुढे केला. कालच्या वहीतील ओळ तिने पाहून पाहून देवनागरीत उतरविली होती. 'मिरची' या शब्दातील पहिली वेलांटी उलट्या बाजूला गेली होती. आजींनी कागद हातात घेतला, डोळ्यांपासून दूर धरला आणि बोट ठेवून विचारले, "यांतले 'धा' कोणते?"

नातीने दाखविले. आमची गाडी आठची होती. पण आणखी दोन अक्षरे होईपर्यंत आम्ही बसलो.

१४.४ शब्दार्थ

रास्त – योग्य, उचित
ओवरी – देवळाच्या आवारातील कमानीदार पडवी
नैर्ऋत्य – दक्षिण आणि पश्चिम यांमधील दिशा
तसूभर – अगदी थोडे
तनखा – नेमून दिलेली रक्कम, वेतन
खालसा करणे – राज्य वा जमीन सरकारजमा करणे
मुदपाकखाना – राजवाड्यातील स्वयंपाकघर
रुमाल – (येथे) कागदपत्रे बांधून ठेवलेला कापडी गठ्ठा
मोडी – पूर्वी मराठी जलद लिहिण्यासाठी वापरली जाणारी लिपी
कान टवकारणे – लक्षपूर्वक ऐकू लागणे

पाठगत प्रश्न १४.१

(अ) कंसातील योग्य पर्याय निवडून रिकाम्या जागा भरा.
१. बृहदीश्वर मंदिर इ. स. ............ मध्ये पूर्ण झाले. (१०१०, १६७५, १८०३)
२. भिंतीवरील मराठी इतिहास ............ यांच्या आज्ञेवरून कोरला गेला. (व्यंकोजी, दुसरे सरफोजी, दुसरे शिवाजी)
३. त्यागराजांची रचना ............ भाषेत आहे. (तमिळ, मराठी, तेलुगू)

(आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. देऊळ पहाटे पाहावे, असे का सुचविले आहे?
२. केळीचे पान आपल्याकडे मिटण्याचा अर्थ काय?
३. वहीतील 'धाकटी' म्हणजे कोण?

१४.५ चला, समजून घेऊ या

हे प्रवासवर्णन चार भागांत विभागले आहे. देऊळ, भिंत, जेवणाचे पान आणि ग्रंथालय अशी ही वाटचाल होते. प्रत्येक टप्प्यावर लेखिकेला काहीतरी 'वाचावे' लागते. वाटाड्याचे बोलणे ती डोळ्यांनी पडताळून पाहते. सांबाराची गोष्ट ती इतिहासाच्या कसोटीवर घासते. मात्र गोष्ट नाकारताना पदार्थाची गोडी ती कमी लेखत नाही.

पाठाच्या केंद्रस्थानी आजींची वही आहे. आजींना भाषा अवगत आहे, लिपी नाही. त्यामुळे आपल्याविषयी कोणीतरी मायेने लिहिलेली ओळ त्यांच्यापासून चाळीस वर्षे दूर राहिली. दुसरीकडे, मराठीचे उच्च शिक्षण घेतलेल्या लेखिकेलाही मोडीची पाने वाचता येत नाहीत. आजींना अक्षर शिकण्यात वयाचा संकोच वाटत नाही. लेखिकाही आपले अज्ञान लपवीत नाही.

'पान' हा शब्दही येथे लक्षात घ्या. केळीचे पान, ताडाचे पान आणि वहीचे पान असे तिन्ही अर्थ पाठात येतात. जेवण, ज्ञान आणि आठवण यांना शीर्षकाने एकाच शब्दात बांधले आहे.

१४.६ भाषाभ्यास : क्रियापदाचे अर्थ

क्रियापदाच्या रूपावरून बोलणाऱ्याचा हेतू कळतो. पाठातील पुढील वाक्ये पाहा.

१. सावली पडते. क्रियापदावरून केवळ घडणाऱ्या गोष्टीचा बोध होतो. हा स्वार्थ.
२. पहाटे जा. आज्ञा, विनंती वा उपदेश व्यक्त होतो. हा आज्ञार्थ.
३. हे नाव मराठीतूनच आले असावे. तर्क, शक्यता, कर्तव्य वा इच्छा व्यक्त होते. हा विध्यर्थ.
४. लिपी आली असती, तर ही वही त्यांना केव्हाच वाचता आली असती. एक गोष्ट घडली असती तर दुसरी घडली असती, असा संकेत आहे. हा संकेतार्थ.

याशिवाय 'म्हणे', 'असे सांगतात' यांसारख्या शब्दांनी ऐकीव माहितीकडे बोट दाखविता येते. जे आपण पाहिले ते 'आहे'. ज्याचा तर्क केला ते 'असावे'. जे ऐकले ते 'म्हणे'. माहिती लिहिताना ही तिन्ही रूपे नेमकेपणाने वापरावीत. वाचकाचा विश्वास त्यावरच अवलंबून असतो.

पाठगत प्रश्न १४.२

क्रियापदाचा अर्थ ओळखा.
१. वृषभवाहन शिवाची मूर्ती आवर्जून पाहावी.
२. वाचा तुम्ही.
३. पाऊस आला असता, तर आम्ही ओवरीत थांबलो असतो.
४. १९१८ साली हे ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले.

१४.७ आपण काय शिकलो

• तंजावर हे चोळ, नायक आणि मराठे या तीन राजवटींच्या खुणा जपणारे शहर आहे.
• तेथील शिलालेख, हस्तलिखिते, हरिकथा आणि खाद्यपदार्थांची नावे यांतून मराठी व तमिळ संस्कृतींची देवघेव दिसते.
• रंजक गोष्ट आणि सिद्ध झालेली माहिती यांत फरक करावा.
• भाषा बोलता येणे आणि ती वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिपी शिकण्यास वयाची अट नाही.

१४.८ पाठान्त प्रश्न

१. सरफोजींनी राज्यकारभार गेल्यानंतर भिंतीवर इतिहास कोरविला, यामागे त्यांचा कोणता हेतू असावा? तुमचे मत लिहा.
२. 'नाव प्रवासात टिकले, पदार्थ बदलला' हे विधान पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा. तुमच्या परिसरातील असे एखादे उदाहरण द्या.
३. "गोष्ट खोटी असेल. सांबार खरे आहे." या उद्गारांतून आजींचा कोणता स्वभावविशेष प्रकट होतो?
४. वाटाड्याने सांगितलेली गोष्ट आणि सांबाराची गोष्ट यांची पडताळणी लेखिकेने कशी केली? दोन्ही पद्धतींतील फरक सांगा.
५. 'पान' या शब्दाचे वेगवेगळे अर्थ स्पष्ट करणारी चार वाक्ये लिहा.
६. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वयस्क व्यक्तीकडून एक पाककृती ऐका. तिच्याच शब्दांत ती मराठीत लिहून काढा आणि तिला वाचून दाखवा.
७. तुम्ही पाहिलेल्या एखाद्या गावाचे सुमारे १५० शब्दांत प्रवासवर्णन लिहा. पाहिलेले, ऐकलेले आणि चाखलेले यांपैकी प्रत्येकी एक गोष्ट त्यात येऊ द्या.

१४.९ पाठगत प्रश्नांची उत्तरे

१४.१ (अ) १. १०१० २. दुसरे सरफोजी ३. तेलुगू
(आ) १. पटांगणात अनवाणी चालावे लागते व दुपारी दगड तापतो, तसेच गाभारा दुपारी काही तास बंद असतो. म्हणून देऊळ पहाटे पाहावे. २. जेवण आवडले, पुन्हा येऊ, असा त्याचा अर्थ आहे. ३. 'धाकटी' म्हणजे धाकटी सून, अर्थात स्वतः आजी.

१४.२ १. विध्यर्थ २. आज्ञार्थ ३. संकेतार्थ ४. स्वार्थ